दर उन्हाळ्याचा गॅस

एसीतला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. तरीही दर एप्रिलला तंत्रज्ञ येतो, गेज लावतो, काट्याकडे पाहून गंभीरपणे मान हलवतो आणि गॅस भरून जातो. गळती जागच्या जागी सुखरूप राहते. पुढच्या एप्रिलची सोय तिच्यावरच असते.

रीतसर दुरुस्ती अशी: नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरायचा, सांध्यांना साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा येईल तिथे ब्रेझिंग करायचे, व्हॅक्यूम पंपाने हवा आणि ओल काढायची, मग यंत्रावरच्या पट्टीत छापलेल्या वजनाइतका गॅस तोलून भरायचा. वजनकाटा बहुधा दुकानात राहिलेला असतो.

सांधा गळत असेल तर दुरुस्ती परवडते. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत कॉइलच सडली असेल, तर ठिगळे लावू नयेत; कॉइल बदलावी, आणि यंत्र दहा-बारा वर्षांचे असेल तर यंत्रच. जुन्या यंत्रात आर-२२ असल्यास तर नक्कीच, कारण मॉन्ट्रियल करारानुसार भारतात हा गॅस २०३० पर्यंत बाद व्हायचा आहे. विक्रेत्याला मात्र भिंतीवरचा पाण्याचा ओघळही नव्या एसीसाठी पुरेसा वाटतो. तो बहुतेकदा तुंबलेल्या ड्रेन पाइपचा असतो.

गळती कुठे सापडली हे बिलावर लिहिलेले नसेल, तर गॅसचे पैसे देऊ नयेत.