उताऱ्याबाहेर पडा

आठवीचा वर्ग, दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा. तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत माझी मैत्रीण शिकवते. तिने तिचे दोन तास मला दिले होते. मुलांचे पाच गट केले आणि शिक्षकांकडून पाच फोन मागून आणले. प्रत्येक फोनवर एकच चित्र ठेवलं: अंतराळातून दिसणारा, रंगीबेरंगी दिव्यांनी उजळलेला भारत, आणि खाली ओळ, ‘दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला भारत’. तुमच्याही फोनवर ते कधी ना कधी येऊन गेलं असणार.

‘खरं की खोटं ते सांगा. दहा मिनिटं. फोनवर जे करायचं ते करा.’

‘जे करायचं ते करा’ हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं. तरी पाचपैकी चार गटांनी एकच गोष्ट केली. दोन बोटांनी चित्र मोठं केलं. मग आणखी मोठं केलं. मुंबई शोधली, पुणं शोधलं, आपला जिल्हा कुठे दिसतो यावर भांडण झालं. एका मुलाने तर फोन नाकाला टेकेल इतका जवळ नेला. मग उत्तरं आली. ‘खरं आहे मॅडम, खाली नासा लिहिलंय.’ ‘खरं, मोठ्या शहरांत उजेड जास्त दिसतोय.’ ‘खरं, पप्पांच्या ग्रुपवर पण आलं होतं.’ चौथा गट म्हणाला, ‘खोटं, रंग लई भडक आहेत.’

पाचव्या गटात दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिने चित्र गूगल लेन्समध्ये टाकलं आणि मग सरळ बंद करून टाकलं. पुन्हा उघडलंच नाही. आलेल्या दुव्यांतून खाली सरकत नासाचं पान शोधलं, इंग्रजीतली चार वाक्यं अडखळत वाचली, एका शब्दाचा अर्थ शेजारणीला विचारला आणि उभी राहिली. ‘मॅडम, हे दिवाळीचं नाहीच. ही लोकसंख्या आहे.’

अगदी बरोबर. अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र व हवामान संस्थेचे शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी उपग्रहांनी वर्षानुवर्षं टिपलेल्या रात्रीच्या उजेडाच्या नोंदी एकावर एक ठेवून ते चित्र केलं होतं. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे. १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये नव्याने दिसू लागलेले अनुक्रमे निळे, हिरवे आणि लाल. वस्ती कशी वाढत गेली ते दाखवणारा हा नकाशा. २०१२ मध्ये नासाने स्वतः खुलासा केला आणि १२ नोव्हेंबर २०१२ या दिवशीचं उपग्रहाने टिपलेलं खरं चित्रही प्रसिद्ध केलं. त्यात नेहमीच्या रात्रीसारखाच साधा उजेड आहे. दिवाळीत वाढणारा उजेड इतका थोडा असतो की अंतराळातून तो कळतही नाही, असंही नासाने सांगितलं. म्हणजे ज्या नासाचं नाव त्या चित्राखाली फिरतं, तिनेच ते नाकारून एक तप उलटून गेलं.

आता माझं म्हणणं. ‘खोटं’ म्हणणाऱ्या चौथ्या गटाचं उत्तर बरोबर आलं, पण माझ्या लेखी त्या गटालाही शून्यच. रंग भडक आहेत म्हणून खोटं, हा काही पुरावा होत नाही. खरी चित्रंही भडक असतात. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली चित्रं आता इतकी सफाईदार असतात की डोळे फाडून पाहण्याने काहीच हाती लागत नाही. शुद्धलेखनाच्या चुका बघा, बोधचिन्ह बघा, पान नीटनेटकं आहे का बघा, असल्या सूचना आपण अजून मुलांना देतो. लबाड माणूस सगळ्यात आधी नीटनेटका होतो, हे प्रत्येक मुलाच्या आजीला माहीत आहे. मुलांना मात्र आपण ते सांगत नाही.

ती चार गटांची मुलं आळशी नव्हती. शाळेने शिकवलं तेच ती प्रामाणिकपणे करत होती. ‘खालील उतारा वाचून त्याखालील प्रश्नांची उत्तरे लिहा.’ मराठीच्या पेपरात, हिंदीच्या पेपरात, इंग्रजीच्या पेपरात, वर्षामागून वर्षं. उत्तर उताऱ्यातच असतं. मान वर न करता त्यात खोल खोल शोधायचं. बाहेरचं काही लिहिलं तर गुण कापले जातात. हा उतारा कुणी लिहिला, कधी लिहिला, लिहिणाऱ्याला यातून काय हवं होतं, हे मला शाळेत कुणी विचारलं नाही आणि माझ्या मुलांनाही विचारलं नाही. दहा वर्षं हा सराव करून घ्यायचा आणि मग मुलाच्या हातात फोन देऊन म्हणायचं, विश्वास ठेवू नकोस हं! कशाच्या बळावर त्याने अविश्वास दाखवायचा?

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी हेच करून पाहिलं. इतिहासाचे अभ्यासक, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक, अशा तीन गटांना बसवलं आणि बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची संकेतस्थळं दाखवली. एक १९३० पासूनची, हजारो सदस्यांची, सर्वमान्य. दुसरी तिच्यातून २००२ मध्ये फुटून निघालेली, मूठभर सदस्यांची, ठरावीक सामाजिक मतांचा प्रचार करणारी. दिसायला दोन्ही सारख्याच भारदस्त. विद्यार्थी पान वरून खाली वाचत बसले आणि बहुतेक जण फसले. इतिहासकारांतलेही कित्येक गोंधळले. सत्यता तपासणाऱ्यांनी काही क्षणांत ते पान सोडलं, शेजारी दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या संघटनेविषयी इतर लोक काय म्हणतात ते पाहिलं. दोन वेण्यांच्या मुलीने केलं ते हेच.

ही रीत आपल्याला अमेरिकेकडून घ्यायची गरज नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. शिवाजी महाराजांची जन्मतारीख आठवा. बखरींवर विसंबून कित्येक वर्षं १६२७ हे साल सांगितलं जात होतं. मग जेधे शकावली हाती आली. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. एका कागदावर कुणी भागवलं नाही. महाराजांच्या पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांच्या शिवभारतात पाहिलं, तिथेही तीच तिथी. राजस्थानात सापडलेल्या कुंडलीतही तीच. एकमेकांचं पाहून न लिहिलेले कागद एकच तिथी सांगू लागले, तेव्हा १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पक्की होत गेली. महाराष्ट्र सरकारने ती २००१ मध्ये स्वीकारली. बखर कधीची, लिहिणारा कुणाचा माणूस, त्याच्या सांगण्याला दुसरा दुजोरा आहे का, या तीन प्रश्नांवर आपल्या इतिहास संशोधकांनी आयुष्यं वेचली. आपल्या मुलांना त्यातली फक्त तारीख पाठ असते.

आणि सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकातला पहिलाच धडा आहे ‘इतिहासाची साधने’. साधनांचं मूल्यमापन कसं करायचं, हे त्या धड्यात आहे. साधन अस्सल की बनावट, लेखक कोण, त्याचे हितसंबंध काय. व्हॉट्सॲपवर आलेल्या मजकुराला लावायला याहून चांगली फूटपट्टी मला माहीत नाही. परीक्षेत मात्र विचारतात काय? ‘लिखित साधनांत कशाचा समावेश होतो?’ एक गुण. मूल दोन नावं लिहितं, गुण मिळवतं आणि घरी जाऊन फोन उघडतं.

यात हसण्यावारी नेण्यासारखं काही नाही. दिवाळीचं चित्र निरुपद्रवी आहे, म्हणून मी ते वर्गात घेतलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला रविवारचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून जगणारे पाच जण तिथे आले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत भागात फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि मारून टाकलं.

त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत मी वर्गात दाखवली नाही, पण तिच्याविषयी सांगितलं. मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं मूल उचलतात आणि पसार होतात. ही फीत पाकिस्तानातली, कराचीची. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेने जनजागृतीसाठी ती अभिनय करून घेतली होती. शेवटी मोटारसायकल परत येते, मूल सुखरूप परत ठेवलं जातं आणि मुलांवर लक्ष ठेवा असं सांगणारा फलक दाखवला जातो. कुणीतरी तेवढा शेवट कापला आणि उरलेला भाग ‘आपल्या भागात टोळी आली आहे’ म्हणून सोडून दिला. कापलेली ती काही सेकंदं चित्रफितीत कितीही वेळा पाहून सापडणार नाहीत. ती बाहेरच आहेत. वर्गात हे सांगितलं तेव्हा मघाशी फोन नाकाशी नेणारा मुलगा हळूच म्हणाला, ‘म्हणजे बघून कळलंच नसतं.’

त्या जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ठीक आहे, पण ते त्यांच्या घरचं काम. शाळेचं काम शाळेने करायचं की नाही?

काही लोक लगेच म्हणतात, मुलांना सांगा, इंटरनेटवरचं काहीच खरं मानू नका. हा सल्ला मला तितकाच घातक वाटतो. सगळंच खोटं मानणारं मूल लस टोचून घेताना डॉक्टरांचंही ऐकणार नाही. केरळात कन्नूर जिल्ह्यात याचा अनुभव आला. गोवर-रुबेलाच्या लसीविरुद्ध अफवा पसरल्या आणि आईबाप मुलांना लस द्यायला कचरू लागले. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सरकारी शाळांमधून ‘सत्यमेव जयते’ नावाने वर्ग सुरू केले. आलेली माहिती तपासायची कशी, हाच विषय. अफवांवर पत्रकं काढून ते थांबले नाहीत, मुलांच्या हातात रीत दिली.

‘पण याचा उपयोग होतो का?’ असं एका मुख्याध्यापकांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. बिहारमध्ये सुमारे १३ हजार ५०० मुलांवर मोठा प्रयोग झाला, तोही खेड्यापाड्यांत. गावोगावच्या वाचनालयांत माहिती पारखण्याचे मोजकेच तास घेतले. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा मुलं खरं-खोटं जास्त नीट ओळखत होती, आणि त्यांच्या पालकांतही फरक दिसला. मुलं घरी जाऊन बोलली असणार. पप्पांच्या ग्रुपपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता मला तरी सुचत नाही.

बिहारच्या खेड्यात जे होतं ते आपल्याकडे व्हायला अडतं कुठे? नवा विषय नको, नवं पुस्तक नको, टॅब नकोत. सातवीचा तो पहिला धडा जून महिन्यात एका फोनसह शिकवा. प्रकल्पाच्या वहीत शेवटच्या पानावर ‘संदर्भ: गूगल’ असं लिहिलेलं दिसलं की वही परत करा. गूगल हे कुणाचं नाव नाही. पोस्टमनला कुणी पत्राचा लेखक म्हणत नाही. आणि घटक चाचणीच्या उताऱ्याखाली एक प्रश्न वाढवा: ‘हा मजकूर खरा आहे का, हे उताऱ्याबाहेर कुठे व कसे तपासाल?’ दोन गुण ठेवा. गुण ठेवले की शिकवलं जातं, हे शिक्षकांना मी सांगायला नको.

तास संपला. मुलं खिचडीकडे पळाली. दोन वेण्यांची मुलगी इतिहासाचं पुस्तक घेऊन माझ्यापाशी आली. ‘मॅडम, हे कुणी लिहिलं ते कुठे बघायचं?’

आम्ही दोघी बाकावर बसलो आणि सुरुवातीची पानं उलटली. विषय समितीच्या सदस्यांची नावं असतात ते पान सापडलं. पुढच्या धड्यांची पानं पेन्सिलीच्या रेघांनी आणि ‘आय एम पी’च्या खुणांनी भरलेली होती, हे पान कोरं होतं. तिने पहिलं नाव मोठ्याने वाचलं, मग दुसरं. मग कंपासपेटीतून पेन्सिल काढली आणि त्या नावांखाली रेघ मारू लागली.