आधी कोपर मोजा

नाशिकच्या पंचवटीत स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की पहिल्यांदा ठरतो रंग. मग टाइल्स, मग शटरवरचा सनमायका, मग चिमणी कुठल्या कंपनीची. सुतार येतो, भिंत मोजतो, खिडकी मोजतो, फ्रिजची जागा मोजतो. जी बाई त्या ओट्यापुढे पुढची वीस वर्षं उभी राहणार, तिला कुणी टेप लावत नाही. तिला विचारतात ते फक्त पिस्ता हवा की बदामी.

हा अन्याय आहे, आणि तो आपण पैसे मोजून विकत घेतो. काम काढण्याआधी तिचं कोपर मोजा. घर गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, जवळ असेल तर पुराची खूण मोजा. ही दोन मापं कागदावर आल्याशिवाय एक फरशीही फोडू नका. घरात स्वयंपाक पुरुष करत असेल तर त्याचं कोपर मोजा, नियम तोच.

कोपराचं गणित सोपं आहे. ताठ उभं राहून हात काटकोनात वाकवला की पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून ३७-३८ इंचांवर येतं. भाजी चिरायला ओटा त्याच्या चारेक इंच खाली हवा. कणीक मळायला, पोळ्या लाटायला वरून भार द्यावा लागतो, म्हणून तिथे सहा इंच खाली. त्यात पोळपाटाची स्वतःची उंची दीड-दोन इंच, तीही वजा करायची. म्हणजे पोळ्यांच्या जागी तिला ३० इंचांच्या आसपासचा ओटा लागतो. तयार आराखड्यातला ओटा असतो ३४ ते ३६ इंच. यातला ३६ हा आकडा अमेरिकी घरांत रुळलेला आहे, आणि तिथे रोज वीस पोळ्या लाटल्या जात नाहीत. त्या ओट्यावर चार-पाच इंचांची शेगडी ठेवा, शेगडीवर कढई ठेवा आणि मग पाच फुटांच्या बाईला भाजी परतायला सांगा. उलथनं धरलेला हात जवळजवळ खांद्याशी जातो. मान आखडते, खांदा भरून येतो आणि घरचे म्हणतात, वय झालं. वयाला दोष देण्याआधी ओट्याला टेप लावून बघा.

कित्येक घरांत ओट्यापुढे जमिनीवर एक लाकडी पाट ठेवलेला दिसतो. बाईने तो स्वतःच आणून ठेवलेला असतो, कारण त्यावर चढल्याशिवाय पातेल्याचा तळ दिसत नाही. लाखो रुपये खर्चून झालेल्या स्वयंपाकघरात तिने पाटावर उभं राहायचं, आणि घाईत कधीतरी त्याच पाटावरून पाय घसरायचा.

सगळा ओटा एकाच उंचीचा असला पाहिजे असा कुठलाही नियम नाही. गॅसची बाजू चार इंच खाली घ्या, किंवा शेगडी दगडातच बसवून घ्या. सिंकची बाजू उलट थोडी वर घ्या. सिंकचा तळ ओट्यापेक्षा आठ-नऊ इंच खोल असतो आणि भांडी घासताना कंबर तिथेच मोडते. मिस्त्री म्हणेल, ओटा सलग दिसणार नाही. नाही दिसला तर नाही दिसला. पाहुणे ओटा पाच मिनिटं बघतात, ती त्याच्यापुढे रोज चार-पाच तास उभी असते.

हे शहाणपण नवं नाही. मार्गारेटे श्युट-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं ते बाईची पावलं आणि हालचाली मोजून. जेमतेम साडेसहा चौरस मीटरची जागा. तशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बांधली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे. आपण त्यातले कप्पे घेतले, मोजणं तिथेच ठेवलं. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि वाटी-चमच्याचं माप घराघरांत पोचलं. बेसन किती घ्यायचं हे मराठी घर मोजायला शिकलं, ते कालवणारा हात किती उंचीवर अवघडला आहे हे मोजायचं राहिलं. चूल, वैल, विळी, पाटा सगळं जमिनीवर असतानाच्या स्वयंपाकघराचे गोडवे मी गाणार नाही. त्यात डोळे जायचे, गुडघे जायचे. गॅस आला, बाई उभी राहिली, चांगलंच झालं. पण उभं राहून अंग दुखणं हेही तिच्या नशिबाला बांधलेलं नाही.

पंचवटीची स्वतःची म्हणून एक गरज आहे आणि ती कॅटलॉगात सापडत नाही. रामकुंडावर देशभरातून माणसं श्राद्धाला, अस्थिविसर्जनाला येतात. यजमानांची पानं मांडण्याची इथल्या उपाध्यायांच्या घरांची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्यात २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलेला. रामकुंड, काळाराम, कारंजा या भागात ज्याचं घर, त्याच्याकडे लांबचे नातेवाईकही उतरणारच. अशा घराला मोठी परात, पुरणयंत्र, दहा लिटरचा कुकर आणि पाण्याची पिंपं ठेवायला जागा लागते. ट्रॉलीच्या जाळीत परात बसत नाही. पाणी भरून ठेवावं लागतं, पण आखणीत पिंपाला जागा नाही, माठालाही नाही. मोरी तर सगळ्यात आधी बुजवतात. मग पुरणाचं पातेलं सिंकमध्ये मावत नाही म्हणून कामाला येणारी बाई ते न्हाणीघरात उकिडवी बसून घासते. तिच्याही पाठीचा विचार घरमालकाने करायला हवा. मोरी ठेवा. खाली बसणं नको असेल तर उंचावर रुंद, उथळ मोरी दगडात बांधून घ्या. गवंड्याला ते फार मोठं काम नाही.

आणि काम निघालं म्हणून पितळेची, तांब्याची भांडी पोत्यात भरून पुलापलीकडे भांडी बाजारात मोडीत घालू नका. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर; तो झिजला की पुन्हा लावता येतो आणि पातेलं पुन्हा आंबट वरणाला चालू लागतं. नाशिकच्या तांबटांनी हाताने ठोकलेलं भांडं वजनावर विकलं की परत मिळत नाही.

आता दुसरं माप. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सगळं नाशिक गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं. २००८, २०१६, २०१९ या तिन्ही वर्षी गोदावरीने घाटालगतची घरं-दुकानं भिजवली. तरी त्याच घरांत भुशाच्या फळीची कपाटं जमिनीला टेकवून बसवली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. भुशाची फळी पाण्याने फुगते, फुगली की स्क्रू सोडते आणि दार बिजागरीसकट हातात येतं. त्याला पूर यायचीही गरज नाही, सिंकखालचा गळका पाइप पुरतो. पुराचं पाणी येणाऱ्या घरात ओट्याखाली कडप्प्याचे उभे दगड आणि कडप्प्याचेच कप्पे हवेत, दारं ॲल्युमिनियमच्या चौकटीची. पूर ओसरला की चिखल धुऊन काढायचा, संपलं. कपाट लाकडीच हवं असेल तर प्लायवूडवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. त्या प्रतीची परीक्षा ७२ तास पाण्यात उकळून होते. विजेचे सॉकेट पुराच्या खुणेच्या वर घ्या. सिलिंडर चटकन सोडवून उचलता आलं पाहिजे. भरलेलं घरगुती सिलिंडरसुद्धा पुराच्या पाण्यावर तरंगतं आणि नळी ओढत निघतं.

सिलिंडर एरवीही बंद ट्रॉलीत कोंडू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून कपाटाला खाली जाळी हवी. पाइपाने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, त्याला झरोका वर हवा. सुतार हे विचारणार नाही, तुम्ही सांगायचं.

वाड्यात राहत असाल तर भिंत पाडून ओपन किचन करण्याचा विचार सोडून द्या. माती-विटांच्या त्या भिंतींवर आणि लाकडी खांबांवर वरचा मजला तोललेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय त्यांना हातोडा लावायचा नाही. चिमणी घ्याल तर धूर बाहेर नेणाऱ्या नळीची घ्या, आणि नळी जमेल तितकी सरळ. बिननळीची चिमणी तेलकट वाफ गाळते, पण उष्णता खोलीतच सोडते आणि फोडणीचा खाटही फारसा हटत नाही.

ओट्याच्या दगडाबद्दल मात्र मला चिडून लिहायचं आहे. गच्चीत नाहीतर बोळात मिस्त्री ग्रॅनाइट कोरडाच कापतो, पांढऱ्या धुळीत त्याचा चेहरा दिसेनासा होतो आणि आपण खिडक्या लावून घेतो. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते आणि त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर बरं करणारं औषध नाही. कृत्रिम क्वार्ट्झच्या फळीत तर सिलिका ग्रॅनाइटपेक्षा कितीतरी जास्त. कामगार आजारी पडू लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे तीच फळी प्रतिष्ठेची म्हणून खपते. दगड पाणी सोडत कापायचा आणि कापणाऱ्याच्या तोंडावर चांगला मास्क हवा, ही अट कामाच्या पहिल्या दिवशी घाला. मास्क तुम्ही आणून द्या. दोन तास जास्त लागले तर लागू द्या.

ठेकेदार आगाऊ रक्कम मागायला आला की आधी त्याची वही उघडून बघा. त्यात ओट्यापुढे उभं राहणारीच्या कोपराचा आकडा आणि तुमच्या भिंतीवरच्या पुराच्या रेघेचा आकडा लिहिलेला नसेल, तर एक रुपयाही देऊ नका.