आधी कुणी हात लावला?

यंत्रमागाच्या गावात डॉक्टरपेक्षा जॉबरला मान जास्त. डॉक्टर गोळ्या देऊन ‘तीन दिवसांनी या’ म्हणू शकतो. जॉबरला माग त्याच पाळीत चालू करून द्यावा लागतो. विट्यात जिथं शेड तिथं हा माणूस असतोच. साठीकडं झुकलेला, खिशात पाना, बोटांच्या पेरांत कायमचं काळं तेल. आत वीस-पंचवीस माग एकदम धडधडत असतात, कानात ओरडावं तेव्हा निम्मं कळतं, आणि हा दारातच थांबून मान तिरकी करतो. “भिताडाकडनं तिसरा. धोटा उशिरा पोचतोय.” माग बंद करून बघावं तर धोटा खरंच उशिरा पोचत असतो. त्याचं पाळण्यातलं नाव मालकालाही धड आठवत नाही. तो जॉबरतात्या. असे जॉबरतात्या गावात बरेच आहेत, तेव्हा कोणी एकानं हे अंगाला लावून घेऊ नये.

तात्यांना बिघडलेली वस्तू आवडते, हे अर्धंच खरं. चालू वस्तू त्यांना बघवत नाही, हे पुरतं खरं. लग्नात नवरा-नवरीवर अक्षता टाकतात, पण नजर मांडवातल्या पंख्यावर. सोयऱ्यांच्या घरी पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आत विचारतात, “फ्रिज कवापास्नं असा कण्हतोय?” तोवर त्या घरात फ्रिज कण्हतोय हे कोणाला माहीत नसतं. त्या रात्रीपासून मात्र कोणाला झोप लागत नाही.

आणि दुरुस्तीचा पहिला प्रश्न ठरलेला: “आधी कुणी हात लावला हुता?” तात्यांच्या शास्त्रात वस्तू आपण होऊन बिघडत नाही. झीज, गंज, दमट हवा ही सगळी दुय्यम कारणं. मूळ कारण म्हणजे आधीचा माणूस.

हल्ली तात्यांकडं गळाचं सामानही येतं. मासे धरणं ही विट्याच्या खानापूर तालुक्यात तशी अलीकडची चैन. पाऊस बेताचा, नदी येरळा, तीही वर्षातले बरेच महिने वाळूची. पोटासाठी इथली माणसं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, केरळपासून बंगालपर्यंत पांगली. राहिली त्यातल्या बऱ्याच जणांनी माग धरले. पुढं येरळेवर बळवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी नदीतलीच थोडी वाळू विकून बळीराजा धरण उभं केलं. कराडशेजारच्या टेंभूहून कृष्णेचं पाणी पाच टप्प्यांनी वर चढवून 80 हजारांवर हेक्टर रान भिजवायची योजना आली. तेव्हा कुठं पाण्याकडं नुसतं बघत बसायची सोय झाली. आणि पाण्याकडं बघत बसलेला माणूस आज ना उद्या गळ टाकतोच.

मरळ मात्र या सगळ्याच्या आधीची. या माशाचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. तो वर येऊन हवेचा घोट घेऊन जातो आणि त्या जोरावर आटत आलेल्या डबक्यातल्या चिखलातही तग धरतो. दुष्काळी तालुक्याला शोभेल असाच. वर यायची सवय असल्यामुळं पाण्यावरच्या बेडकावरही तो झडप घालतो. केरळातली पोरं म्हणूनच मरळीसाठी रबरी बेडूक वापरतात, आणि गलाईच्या दुकानातून सुट्टीवर आलेल्या भाच्या-पुतण्यांच्या बॅगांतून ते बेडूक विट्यात उतरले. मरळीचे दात लागून फाटलेला बेडूक तात्यांकडं यायला मग वेळ लागला नाही. तो त्यांनी पंक्चरच्या सोल्युशननं सांधायचा प्रयत्न केला. बेडूक विरघळला. “आधी कुणीतरी फेविक्विक लावलं हुतं,” तात्या म्हणाले.

यंदा मात्र वेगळंच दुखणं आलं. एका गलाई घराण्याचा नातू. आजोबांनी कोलकात्यात सोनं गाळलं, बापानं कोचीत, आणि हा अमेरिकेत विस्कॉन्सिनला संगणकावर काय ते गाळतो. तिथं मस्की नावाचा मासा आहे. मीटरभर लांब, सुसरीसारखं तोंड, नितांत लहरी. त्या राज्यानं 1955 साली त्याला राज्याचा मासा केला. दहा हजारदा गळ टाकावा तेव्हा एक मस्की लागते, असं तिकडचे हौशी लोक अभिमानानं सांगतात.

“धा हजार येळा?” तात्या म्हणाले. “मग ती हौस न्हवं मर्दा, पाळी हाय. पगार किती देत्यात?”

नातवानं बॅगेतून त्या माशासाठीचं आमिष काढलं. वीतभराहून लांब, लाकडी, रंगवलेलं. धड वेगळं, शेपूट वेगळं, दोन्ही एका पोलादी तारेत ओवलेली. शेपटाला पत्र्याचा एक कान. दोरी गुंडाळायला लागलं की आमिष पाण्यावरून पुढं सरकतं, पाणी कानाला लागतं, शेपूट गरगर फिरतं आणि डुबुक-डुबुक आवाज निघतो. त्या आवाजावर मस्की खालून येते. हे शेपूट आता फिरत नव्हतं, आमिष एका अंगावर कलत होतं आणि हळूहळू पाणी पीत होतं. नातू म्हणाला, “बघा, जमतंय का.” जॉबरला ‘जमतंय का’ म्हणणं म्हणजे पैलवानाच्या दंडाला हात लावण्यासारखं.

तात्यांनी ते उलटंपालटं केलं, टोकावरून नख फिरवलं. “ह्यो तर धोटाच हाय.” तेवढ्यानं विषय त्यांच्या अखत्यारीत आला. लाकडाची असली आमिषं तिकडं सव्वाशे वर्षांपूर्वीपासून आहेत, मिशिगनमधला जेम्स हेडन नावाचा मधमाश्या पाळणारा माणूस लाकडाचे बेडूक कोरायचा, असं नातवानं सांगितलं. “जॉबरच असंल,” तात्या म्हणाले. “माश्या जोडधंदा.”

शेडमागच्या हौदात तपासणी झाली. आमिष दोरीनं ओढलं, तात्यांनी मान तिरकी केली. “आवाज बरूबर न्हाय. कुणी हात लावला हुता?”

नातवानं कबूल केलं. मोठ्या माशाच्या धडकेनं तार वाकली होती, ती त्यानं पकडीनं सरळ केली होती.

“पकड!” ‘दारू’ म्हणावं त्या सुरात तात्या म्हणाले.

निदान मात्र पक्कं होतं. तार सरळ दिसत असली तरी शेपूट जिथं बसतं तिथंच बारीक कुबड राहिलं होतं. वरून रंगाला चीर गेलेली. लाकूड पाणी पिऊन फुगलं आणि धड-शेपटातली फट बुजली. आधी वाळवण. आमिष शेडच्या पत्र्यावर उन्हात ठेवलं. गल्लीतलं मांजर सबंध दुपार भिंतीवर त्याच्यासमोर दबा धरून बसलं. आतापर्यंत फसलेला तेवढाच एक जीव, पण तात्यांनी ते शुभ मानलं.

मग सायकलची स्पोक आली, ती नव्या तारेसाठी. संपलेल्या रिफिलीच्या पितळी टोकाची बुश झाली. चिरेत एम-सील भरलं. धड आणि शेपूट एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये एक गुळगुळीत मणी हवा होता. तात्यांची नजर काकूंच्या गळ्याकडं गेली.

“काळा मणी मिळायचा न्हाई,” काकू म्हणाल्या. “मी हाय अजून.”

तुटलेल्या माळेतला काचेचा मणी मिळाला. शेपूट फिरलं. फुंकर मारली तरी फिरायला लागलं. पण हौदात सोडल्यावर नवीच तऱ्हा: शेपटाबरोबर सगळं आमिषच कुशीवर वळायला लागलं. डुबुक-डुबुकच्या जागी फटर-फटर. तात्यांनी मान तिरकी केली, तोंड उघडलं आणि मिटलं. नातवानं अदबीनं आठवण करून दिली की पोटाखालचे मोठे तिहेरी गळ काल तात्यांनीच काढले होते, “आपली मरळ ह्या लाकडाएवढी, तिला ह्ये आकडं कशाला?” म्हणून. ते गळच खालून वजन देऊन आमिष सरळ ठेवत होते. हलके लावल्यावर शेपटाच्या पिळाला आवरणारं कोणी उरलं नाही.

आधीचा माणूस स्वतःच निघाला तर काय करायचं, याची तरतूद तात्यांच्या शास्त्रात नव्हती. ती त्यांनी चहाच्या एका कपात केली. “काल सांजच्याला बत्ती गेलती. अंधारात केल्यालं काम धरायचं नसतंय.”

मोठे गळ परत लावले की काम भागत होतं. पण ते सोपं होतं, म्हणून झालं नाही. पोटात भोक पाडून शिसं भरायचं ठरलं. किती? तात्या म्हणाले, “अंदाजानं.” गलाईवाल्या आजोबांना ते सहन झालं नाही. जन्मभर सोनं तोललेल्या माणसानं मग काटा काढला, पंख्याचं बटण बंद केलं, श्वास रोखून शिसं तोललं आणि वर ‘घट किती धरायची?’ असंही विचारलं. विट्याचे दोन्ही धंदे एका लाकडी माशाच्या पोटात असे एकत्र आले.

चाचणीला तलावावर मंडळी जमली. मच्छीमार सोसायटीचा माणूस ठेक्याची पावती विचारायला आला आणि आमिष बघून पावती विसरला. एका काठाला मरळीची तांबूस पिल्लं थव्यानं वर-खाली करत होती. तिथं तात्यांनी टाकू दिलं नाही. “आईबाप राखणीला असत्यात. तिकडं न्हाई.” दुसऱ्या काठाला आमिष पडलं. तात्यांनी निघताना तारेला मागाचं तेल दिलं होतं, त्यामुळं आधी पाण्यावर इंद्रधनुष्य पसरलं. मग शेपटानं पाणी धरलं. डुबुक, डुबुक, डुबुक. मिनिटभरात तिथला प्रत्येक मासा जीव घेऊन पलीकडच्या काठाला गेला. अर्धा-पाऊण किलोच्या मरळीनं एवढं आमिष बघून दुसरं काय करावं?

“तात्या, तळं रिकामं झालं की,” सोसायटीवाला म्हणाला.

“आवाज बरूबर हाय,” तात्या म्हणाले. “मासं चुकीचं हायत.”

नातू आमिष घेऊन परत गेला. पुढं एकदा सकाळच्या पाळीला व्हिडिओ कॉल आला; तिकडं संध्याकाळ होती. नातू होडीत उभा, आडव्या हातांवर मीटरभर मस्की, तिच्या जबड्याच्या कडेला आमिष लटकलेलं. आनंदानं त्याचा आवाज चिरकत होता. शेडच्या दारात कामगार गोळा झाले. तात्यांनी फोन डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

“मासा जरा बाजूला घे,” ते म्हणाले. “पत्र्याचा कान कुणी वाकवला त्यो?”