गुलाबी बोंडअळीस खुले पत्र

गुलाबी बोंडअळीस,
मुक्काम कपाशीचे बोंड, कारंजा–मानोरा–मंगरूळपीर पट्टा, जिल्हा वाशीम.

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुझ्यासाठी ती मोडतो. कोवळ्या बोंडात शिरायचे, शिरल्याचे छिद्र बुजले की आत बसून सरकी पोखरायची आणि बाहेरून बोंड हिरवेगार दिसू द्यायचे, ही तुझी रीत. वेचणीच्या दिवशी बोंड हाती येते तेव्हा रुई पिवळी आणि सरकी पोकळ. बाजारात त्या मालाला कवडी म्हणतात आणि भावही तसाच मिळतो. वर्षभराची उधारी, पोरीची फी, दवाखाना, सगळे त्या बोंडावर अवलंबून असते. तुझा पहिला गुन्हा हा, आणि तो माफ होण्यासारखा नाही.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. झाडातच अळीला मारणारे प्रथिन आले. २००६ साली दोन प्रथिनांचे वाण आले. काही वर्षे फवारे खरोखरच कमी झाले. मग २०१० मध्ये बातमी आली, की गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या जिल्ह्यांत तू पहिल्या प्रथिनाला दाद देत नाहीस. पुढे दुसरेही पचवलेस. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तू जे केलेस, ते आमच्या गावांनी उभ्या पऱ्हाटीत नांगर घालून पाहिले.

लोक म्हणतात, अळी हुशार झाली, विष पचवायला शिकली. हे श्रेय मी तुला देणार नाही. तू काहीही शिकली नाहीस. असंख्य अळ्यांत एखादी जन्मतःच अशी होती, की तिच्या आतड्याला ते प्रथिन नीट चिकटत नव्हते. बीटीच्या शेतात बाकीच्या मेल्या, ती उरली. तिची पिल्ले उरली, त्यांचीही उरली. एका वर्षात तुझ्या चार-सहा पिढ्या होतात, आणि आम्ही शिवारभर एकच विष पेरून प्रत्येक पिढी त्याच चाळणीतून काढली. चार्ल्स डार्विनने १८५९ साली नैसर्गिक निवड म्हणून जगापुढे मांडली ती हीच गोष्ट. तू फक्त उरलीस. चाळणी आम्ही धरली होती.

आता तारीख ऐक. जानेवारी २०१८. पऱ्हाटीचे पंचनामे चालू होते. त्याच महिन्यात, कपाशीच्याच मुलखात, औरंगाबादला, तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही आणि अभ्यासक्रमातून तो बदलायला हवा. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याला विरोध केला. माकड आणि माणूस यांचे पूर्वज एक होते, असे विज्ञान सांगते. आजच्या माकडाचा माणूस होतो, असे ते कधीच म्हणत नाही. आणि पाहण्याचाच प्रश्न असेल तर शहरापासून थोड्या अंतरावरच्या शेतात जाऊन एक बोंड फोडायचे होते. बीटी खाऊन मरणाऱ्या अळीच्या जातीतून बीटी खाऊन जगणारी अळी पंधरा वर्षांत तयार झाली. ती सगळ्या कापूस पट्ट्याने पाहिली, आणि तिची किंमतही मोजली.

तुझ्यावर इलाज होता, आणि तोही डार्विनच्याच पोतडीतला. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम साध्या कपाशीचे बी येत असे. नियम असा होता, की शेताच्या कडेने त्याच्या पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यातले जे जास्त भरेल तेवढे पेरावे. त्या ओळी म्हणजे तुझ्यासाठी राखलेली सोयरीक. तिथे विषाने मरणाऱ्या अळ्यांचे पतंग भरपूर निघतात, त्यांची जोडी शेतातल्या एखाद्या न मरणाऱ्या पतंगाशी जमते, आणि त्यांची पिल्ले बहुधा बीटी खाऊन मरतात. विषाला न जुमानणारा वंश असा पातळ होत राहतो. पण दोन-तीन एकरांच्या माणसाला ही सोयरीक कोणी समजावून सांगितली? त्याला ती पिशवी म्हणजे मुद्दाम अळी पोसायची सक्ती वाटली. त्याने ती बांधावर टाकली. दोष त्याचा नाही. आता बीटीच्या पिशवीतच साधे बी मिसळून येते. बैल गेला अन् झोपा केला.

तुझी चुलत बहीण अमेरिकन बोंडअळी तूर खाते, हरभरा खाते. आपल्या जिल्ह्यात दोन्ही पिके भरपूर, म्हणून तिच्यासाठी बिनविषाची शेते आपोआप राखली गेली आणि ती तुझ्याइतकी मोकाट सुटली नाही. तू जवळपास फक्त कपाशीवर जगतेस. त्यावर आम्ही फरदड घेतली, म्हणजे वेचणीनंतरही पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली, आणि तुझ्या आणखी दोन पिढ्या फुकट पोसल्या.

अमेरिकेत तू १९१७ साली टेक्सासमध्ये सापडलीस. ॲरिझोनात १९९६ पासून शेतकऱ्यांनी साध्या कपाशीच्या आश्रय ओळी इमानाने लावल्या, २००६ पासून नसबंदी केलेले पतंग हवेतून सोडले, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या कापूस शिवारातून तुझे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. कीड तीच, बीटीही तेच. तिथे उत्क्रांतीचा नियम समजून घेऊन शेती झाली. आपल्याकडे तो पिशवीवरच्या बारीक अक्षरांत राहिला.

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती फवारणी बऱ्याच किडींवर होती, सगळे मृत्यू तुझ्या खाती टाकणार नाही. पण बोंडात बसलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही हे ठाऊक असूनही माणसे पाठीवर पंप घेऊन उभी राहतात, कारण त्यांच्या हाती दुसरे काही दिलेले नसते. ते ओझे माझ्या मनावरून उतरत नाही.

आणि हा नियम जिथे शिकायचा, तिथूनच तो गेला: २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. देशातल्या अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध सह्या केल्या. आपल्या राज्याच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. तो राहिला पाहिजे, आणि तो शेतात शिकवला गेला पाहिजे.

म्हणून शेवटचे चार शब्द तुला नाहीत, जिल्ह्यातल्या गुरुजींना आणि बाईंना आहेत. येत्या ऑक्टोबरात पोरांना गावच्या पऱ्हाटीत न्या. वीस हिरवी बोंडे फोडायला लावा. किडकी किती ते फळ्यावर मांडा. मग डार्विन सांगा. घरी गेलेली पोरे बापाला सांगतील, की डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, फरदड घेऊ नका, कामगंध सापळ्यातले पतंग मोजा. हा सिद्धांत ज्या घराला कळला, त्या घरात बोंडअळीची लढाई निम्मी जिंकली.