एक वारी निघते!

बापूंच्या अंगणात कडुलिंबाखाली एक जुना 407 टेम्पो उभा असतो. वर्षाचे अकरा महिने उभाच. हौद्यात कोंबड्या अंडी घालतात, मागच्या जोडचाकांच्या आडोशाला मांजर विते, आणि पाडव्याला बापू नारळ फोडून इंजिनाचा आवाज तेवढा ऐकून घेतात. पण ज्येष्ठ लागला की याच टेम्पोचं घर होतं. मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावाची दिंडी पायी पंढरपूरला निघते, आणि चाळीस वारकऱ्यांच्या वळकट्या, पिठाचे डबे, शेगडी, पाण्याची टाकी, ताडपत्री, भोंगा आणि ठेच्याच्या बरण्या घेऊन टेम्पो पुढच्या मुक्कामाला जाऊन थांबतो. बापूंच्या अमेरिकेतल्या पुतण्याने एकदा मोटरहोमचा फोटो पाठवला होता. आत पलंग, ओटा, संडास, सगळं. बापूंनी फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "आपल्याच टेम्पोवानी हाये. फक्त भोंगा नाई."

बापूंचा सारा संसार ‘निघते’ या एका शब्दावर चाललेला आहे. चपलेचा अंगठा तुटला, खिळा ठोकला, एक उन्हाळा निघते. बॅटरीचे सेल उन्हात तापवले, एक आठवडा निघते. छत्रीच्या दोन काड्या गेल्या तर पाऊस उरलेल्या सहा काड्यांच्या बाजूने घ्यायचा, एक मृग निघते. अशी माणसं दर गावात असतात. त्यांना कंजूष म्हणणं पाप आहे. दिंडीच्या पंगतीला बापू तुपाची धार हात आखडून कधी वाढत नाहीत. फक्त एखाद्या वस्तूला ‘संपली’ म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही.

तर प्रश्न टायरांचा. सहा चाकं आणि एक स्टेपनी, अशी सात टायरं. फाट्यावरचे पंक्चरवाले चाचा दरवर्षी हवा भरायला येत आणि दरवर्षी तेच सांगत. एका वर्षी त्यांनी मलाही खाली वाकवून दाखवलं. टायरच्या बाजूला, उन्हाळ्यात काळं रान भेगाळावं तसे तडे गेले होते. चाचांनी त्यात नख घातलं. नख अर्धं आत गेलं.

"बापू, ये टायर नहीं, म्हतारा है. बदल डालो."

"म्हतारा कसा? नक्षी पाहा. गोटा झालं का? मास्तर, तुम्हीच सांगा, टायर झिजते कशानं? चालल्यानं. गाडी चालली कुठी?"

यावर चाचांनी जे सांगितलं ते आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात नाही. रबरात मेणासारखं एक द्रव्य घातलेलं असतं. गाडी चालते तेव्हा टायर दबतं, फुगतं, आणि ते मेण बाहेर झिरपून रबराला ऊन-वाऱ्यापासून जपतं. गाडी एका जागी उभी राहिली की मेण आतच राहतं, रबर वाळतं, तडकतं. म्हणून रोज धावणाऱ्या ट्रकचं टायर झिजून मरतं आणि उभ्या गाडीचं म्हातारपणाने. पाच वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासायचं, आणि दहा झाली की नक्षी कितीही कोरी दिसो, काढून टाकायचं.

"आनि याचं वय तुले कोनं सांगतलं? कुंडली हाये का याची?"

चाचांनी कुंडलीच दाखवली. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. बापूंनी चष्मा वर केला, धोतराच्या सोग्याने माती पुसली आणि वाचलं : 1910.

चाचा म्हणाले, "उन्नीसवा हफ्ता, दोन हजार दस. मई का महीना."

पण बापूंचे हात तोवर जोडले गेले होते. "मास्तर! 1910! गजानन महाराजाच्या समाधीचं साल! आता तं हे टायर काढनं शक्यच नाई."

त्यानंतर बापूंच्या बाजूने सरकारही उभं राहिलं. 2023 साली समृद्धी महामार्गावर अपघात वाढले तेव्हा आरटीओवाले गाड्यांची टायरं तपासून झिजलेल्यांना माघारी धाडू लागले. बापू मुद्दाम रिकामा टेम्पो घेऊन गेले. नियम आहे नक्षीच्या खोलीचा, किमान 1.6 मिलिमीटर. बापूंची नक्षी त्याच्या कितीतरी पट. साहेबांनी हात हलवून ‘जाऊ द्या’ म्हटलं. बापू महामार्गावर न चढता तिथूनच वळून परत आले आणि आठवडाभर पारावर पहिल्या नंबरात पास झालेल्या पोरासारखे बसले.

मग दिंडीतल्या आयाबायांनी तगादा लावला. बापूंनी निर्णय भेंडवळवर सोपवला. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटाभोवती अठरा धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. एका टायरला दोन क्विंटल सोयाबीन, असा बापूंचा हिशेब. भाकितात पाऊस कमी सांगितला तर सोयाबीन पिकणार नाही, मग टायर कशातून घ्यायचं? पाऊस चांगला सांगितला तर सोयाबीन सगळ्यांचंच पिकणार, भाव पडणार, मग तरी टायर कशातून घ्यायचं? घटातलं कुठलंही धान्य कुठंही सरकलं तरी बापूंच्या टायरचा निकाल एकच : एक वारी निघते.

निकाल बदलला तो 2024 च्या वैशाखात. पारा चव्वेचाळीसला टेकला होता. आदल्या दिवशी चाचांनी हवा भरताना हात आखडता घेतला. बापूंनी दम देऊन पुरी भरून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला, सगळं गाव पंख्याखाली पडलेलं असताना, असा आवाज झाला की शेजारची म्हातारी ‘सिलिंडर गेलं!’ म्हणत पदर सावरत रस्त्यावर आली. कोंबड्यांनी चार दिवस अंडी दिली नाहीत. टेम्पो होता तिथंच उभा होता, फक्त डाव्या अंगाने बसला होता. पुढच्या डाव्या टायरची बाजू हातभर फाटली होती. ‘1910’ मधला ‘19’ एकीकडे आणि ‘10’ दुसरीकडे.

बापू बराच वेळ फाटकं रबर हातात धरून उभे राहिले. माई दारातून एवढंच म्हणाल्या, "उभ्या गाडीचं फुटलं, म्हनून एकल्या टायरचंच गेलं." आणि भिशीच्या पैशांची पुरचुंडी त्यांनी ओट्यावर ठेवली.

नवी टायरं आली. सहाच. स्टेपनी जुनीच राहिली, "ते कुठी चालली?" काढलेल्या पाचांपैकी एकही अंगणाबाहेर गेलं नाही. दोन टिनपत्र्यावर वजनाला, एक नातवाच्या झोक्याला, एक कापून बकरीच्या गव्हाणीला. पाचवं अजून पदाच्या प्रतीक्षेत आहे.

आणि बापू पार पालटले. आता खिशात टॉर्च असतो. मेहकरच्या स्टँडवर कुणाचीही जीप दिसली की खाली वाकतात. "तुमचं टायर तुमच्या पोरापेक्षा मोठं हाये" असं एका गृहस्थाला सांगून त्यांनी त्याचा प्रवास नासवला. गॅसचं सिलिंडर आलं की पट्टीवरचं ए, बी, सी, डी आणि साल वाचल्याशिवाय चुलीपर्यंत जाऊ देत नाहीत. एका लग्नात तर नवरदेवाच्या फुलांनी मढलेल्या गाडीखाली शिरले आणि अक्षता पडायच्या आत जाहीर केलं, "आठ वर्साचं हाये. नवरीले सावकाश न्या."

परवा मी त्यांना चिखलीला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तीस वाऱ्या पायी केलेले गुडघे आता जिना चढू देईनात. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला.

"बापू, दोन्ही वाट्या बदलाव्या लागतील. यंदा पायी नको, टेम्पोत बसून जा."

बापू खवळले. "चालतं टायर टिकते, उभं टायर तडकते. चाचानं सांगतलं हाये. हे तं चाललेले गुडघे हायेत! आनि यायचं वय तुमाले कसं समजलं? मह्यावर कुठी नंबर छापला हाये?"

"आधार कार्डावर," डॉक्टर म्हणाले. "1 जून 1950."

बापू क्षणभर गप्प झाले. मग माझ्याकडे बघून हसले.

"ते एक जून शाळेत नाव घालताना मास्तरानं अंदाजानं टाकलं, डाक्टर. कंपनीचा छापा नाई तो." आणि खुर्चीचा हात धरून, ‘विठ्ठल’ म्हणत, दोन हिसक्यांत उभे राहिले. "एक वारी निघते."