मिश्रीची डबी आणि माझा अंगठा

"काय गो, उजाडल्या उजाडल्या लागलीस का मोबाइलवर अंगठा घासाला?"

वईपलीकडून काकींचा हा रोजचा रामराम. आमच्या नि काकींच्या परसामध्ये निरगुडीची वई आहे. मधोमध तिला चांगलं भगदाड पडलंय आणि ते बुजवायची दोन्ही घरांत कुणालाच घाई नाही. त्यातून वाटीभर कालवण जातं-येतं, बातम्या तर वाटीशिवाय जातात. पत्त्यात आम्ही हल्ली नवी मुंबई लिहितो. काकींचा पत्ता मात्र अजून 'मोरा, तालुका उरण' एवढाच.

मी म्हटलं, "मी अंगठा घासते, तुम्ही दात घासता. दोघी सारख्याच."

काकींनी कनवटीची डबी काढली. झाकणावर नखाने दोन टिचक्या. डाव्या तळव्यावर काळी चिमूट, उजव्या हाताचं बोट, आणि मग दहा मिनिटं सगळं संभाषण 'हं' आणि 'अंहं'मध्ये. ही मिश्री त्या घरीच भाजतात. तंबाखूचं पान तव्यावर काळं पडेस्तोवर भाजायचं नि कुटायचं. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना ठसका लागतो. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर सरकारने 1992 सालीच बंदी घातली. पण काकींच्या तव्यावर कुठला इन्स्पेक्टर येणार?

सुरुवात दाढदुखीने झाली. बायकांच्या मिश्रीची सुरुवात बहुतेक दाढदुखीनेच होते. सासूने सांगितलं, लाव जरा. दाढ पडून वीस वर्षं झाली, मिश्री आहे.

तोंड धुऊन काकी म्हणाल्या, "नाय लावली तं डोकं उठतं बघ. लावली का हलकं."

खरी गंमत इथेच आहे. ती डोकेदुखी मिश्रीनेच दिलेली. निकोटीन रक्तातून साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं. रात्रभराच्या झोपेत ते इतकं उतरतं की सकाळी शरीर ओरडून मागतं. मिश्री ते ओरडणं थांबवते आणि आपण म्हणतो, काय गुणाची वस्तू! स्वतःच आग लावायची नि स्वतःच बंब घेऊन यायचं. काकींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग बंब तं येतो ना?"

पण नुसतं निकोटीन म्हणावं, तर लाँचचं काय? काकी मासळी विकायच्या तेव्हा पहाटेच्या लाँचने भाऊच्या धक्क्यावर जायच्या. पाऊण-एक तासाचा प्रवास, बसल्या बसल्या मिश्री. धंदा सोडून वर्षं लोटली, पण आजही बंदराकडून लाँचचा आवाज आला की त्यांचा हात आपसूक कनवटीला जातो. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले होते. दिवा लागला की थोड्या वेळाने फळांचा रस मिळायचा. आधी रस मिळाल्यावर मेंदूतल्या डोपामीनच्या पेशी खडखडायच्या. सवय झाल्यावर नुसता दिवा लागला तरी खडखडू लागल्या, रसाच्या वेळी गप्प. म्हणजे उधाण वस्तूला नाही, तिच्या खुणेला. काकींच्या तोंडावरची तरतरी मी नीट पाहिली आहे. ती चिमुटीने येत नाही, डबीवरच्या टिचकीनेच येते.

"आणि तात्यांचं काय?" मी हळूच विचारलं. काकींच्या यजमानांना, तात्यांना, मटक्याच्या आकड्याचा नाद आहे, हे अख्ख्या आळीला ठाऊक. फक्त तात्यांना वाटतं, कुणाला ठाऊक नाही.

काकींनी पाटावरून कोयता उचलावा तसा पदर खोचला. "रोज हरला असता तं कवाच सोडला असता गो. मागल्या गणपतीत एकदा लागला, त्यानीच घात केला."

मी बघतच राहिले. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला हे दाखवायला पिंजरे बांधावे लागले, कबुतरं पाळावी लागली. चोच मारली की दर वेळी दाणा दिला नि मग बंद केला, तर कबुतर लवकर नाद सोडतं. पण कधी मिळतो कधी नाही, असं ठेवलं की चोच मारतच राहतं. मटक्याच्या धंद्याला हे स्किनरने सांगावं लागलं नाही, आणि माझ्या मोबाइलवाल्यांना तर नाहीच. दहा रील टाकाऊ, अकरावं झकास. सगळीच झकास असती तर मी दोन बघून भाकऱ्या थापायला गेले असते. वर ती संपतही नाहीत. पान उलटावं न लागता खालून नवं येतच राहतं, ही युक्ती 2006 साली अझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञाने काढली आणि पुढे स्वतःच त्याबद्दल हळहळला.

"सांगलीकडे मोहित्यांचं वडगाव आहे," मी म्हटलं. "2022पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला."

"सगल्या गावाचा येकदम?"

"एकदम."

"मंग जमंल," काकी म्हणाल्या. "एकटीला नाय जमत."

मला हे पटलं. आपण उगाच मनोनिग्रहाच्या गोष्टी करतो. शेजारच्या घरात टीव्ही चालू असताना आपला बंद ठेवणं हे सगळ्यांत अवघड. 1986 साली अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काढलं, तिथेही व्यसनी माणसाला एकटं सोडत नाहीत; चार सोबती जमवून बसवतात.

मग आमचा सौदा ठरला. ओहोटी होती, धक्क्याला गाळ, लाँच लागायला वेळ होता. लाँच लागेपर्यंत काकींची डबी माझ्याकडे, माझा मोबाइल काकींकडे. भगदाडातून देवाणघेवाण झाली. तलफ लाटेसारखी येते नि पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, तेवढी कळ काढली की झालं, हे मी काकींना व्यवस्थित समजावून सांगितलं.

काकींनी डबी मागितली पंचवीस मिनिटांनी. माझा मोबाइल मी त्याआधीच परत घेतला होता.