दोनशे तासांच्या गुरुमाई

ट्रॉयमध्ये हल्ली हळदीकुंकवाला जायची सोय राहिलेली नाही बाई! वाण हातात पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "तुमचं टू हंड्रेड झालं का?" दोनशे म्हणजे दोनशे तास, योगशिक्षिकेच्या प्रमाणपत्राचे. मिशिगनमधल्या या गावात पूर्वी नवऱ्याच्या कंपनीवरून ओळख पटायची, ही जीएमवाली, ती फोर्डवाली. आता नवी फाळणी झाली आहे, ऑनलाइनवाल्या आणि स्टुडिओवाल्या. अ‍ॅडम्स रोडवरच्या भारतीय टेंपलमध्ये प्रसादाच्या रांगेतसुद्धा त्या एकमेकींना कोशिंबीर वाढत नाहीत म्हणे.

सगळ्या पापाचं मूळ 2020 साल. त्याआधी योगा अलायन्स, म्हणजे इथं योगशिक्षकांची नोंद ठेवणारी संस्था, प्रत्यक्ष वर्गाशिवाय ऐकून घेत नसे. कोविडमध्ये तिनं ऑनलाइनला तात्पुरती सूट दिली. तात्पुरतं म्हटलेलं काय कधी परत जातं? आणि गंमत बघा, इथं योग शिकवायला सरकारी परवाना लागतच नाही. केस कापायला लागतो!

एक वहिनी आहेत. नाव नाही घेणार, बिग बीव्हर रोडच्या आसपास राहतात एवढंच सांगते. त्यांचे दोनशे तास बेसमेंटमध्ये झाले. कॅमेऱ्यात फक्त गुडघे दिसायचे. शरीररचनेची रेकॉर्डेड व्याख्यानं त्यांनी पोळ्या लाटता लाटता ऐकली, तीही दीडपट वेगानं. शिकवण्याचा सराव नवऱ्यावर! बिचारा ऑफिसच्या मीटिंगमधून उठून त्रिकोणासनात उभा राहायचा. प्रमाणपत्र ईमेलनं आलं आणि चौकटीत बसून थेट देवघराशेजारी लागलं.

स्टुडिओवाल्यांना यावर नाक मुरडायला काय जातंय? पण त्यांचंही ऐका. सहा-सात महिने शनिवार-रविवार गायब, घरात पिझ्झ्याचं राज्य, आणि फी हजारो डॉलर. त्यातल्या एकीनं तर कहर केला. माहेरी जाते म्हणून तिकीट काढलं आणि उतरली ऋषिकेशला! पंचवीस दिवस, रोज आठ तास. पुण्यात सासूबाईंच्या वाट्याला दोन दिवस आले, त्यातला एक जेटलॅगचा.

आता पुण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. 1973 साली पुण्याच्या अय्यंगार गुरुजींना मेरी पामर नावाच्या बाईंनी अ‍ॅन आर्बरला बोलावून घेतलं. ट्रॉयपासून गाडीनं तासाभराच्या आत-बाहेर. तिथल्या वायएमसीएमध्ये गुरुजींनी वर्ग घेतले. विद्यार्थ्याचा खांदा कुठं चुकतोय ते त्यांचा हात आधी सांगायचा, तोंड नंतर; पाठीत धपाटे घालण्याबद्दलही त्यांची ख्याती होती. तो धपाटा झूममधून कसा पोचणार? माझ्यापुरतं म्हणाल तर पतंजलींची सूत्रं, श्वासाचं शास्त्र, हाडांची नावं खुशाल घरी बसून शिका, तान्हं मूल असलेल्या बाईला दुसरा मार्गही नसतो. पण उद्या कुणाच्या मानेला हात लावून शीर्षासन करवणार असाल, तर आधी तुमच्या मानेवर कुणा जाणत्याचा हात पडलेला हवा. हे मी दोन्ही गटांत बोलून दाखवलं. आता कुठल्याच गटातून बोलावणं येत नाही.

आणि खरी खळबळ पुढंच आहे. शेजारच्या घरी नागपूरच्या आजी आल्यात, सहा महिन्यांच्या व्हिसावर. जनार्दनस्वामींच्या योगाभ्यासी मंडळात पहाटे उठून वर्षानुवर्षं शिकवलेल्या. सत्तरी उलटली तरी सर्वांगासनात पाय काठीइतके सरळ. त्यांनी सहज म्हटलं, "सकाळी सहाला या गं पोरींनो, पैसे-बैसे काही नकोत." झालं! फुकट म्हटल्यावर ऑनलाइनवाल्या आणि स्टुडिओवाल्या पहिल्यांदाच एकत्र आल्या आणि एकमुखानं विचारू लागल्या, "पण आजींचं रजिस्ट्रेशन कुणाकडं आहे?"